तिकिटावर चालते म्हणून एकटी सोडावी काय?

दिवाळी सरली आणि धानाची कापणी सुरू झाली की पूर्व विदर्भात नाटकांचा हंगाम लागतो, आणि त्याच्या मागोमाग एक जुना वादही दरवर्षी डोके वर काढतो. झाडीपट्टीच्या रंगभूमीला सरकारने आर्थिक आधार द्यावा की देऊ नये, हा तो वाद. एक पक्ष अभिमानाने सांगतो की ही रंगभूमी पिढ्यानपिढ्या रसिकांच्या तिकिटावर उभी आहे. तिला अनुदानाची चटक लावली तर तिचा कणा मोडेल. दुसरा पक्ष तितक्याच पोटतिडकीने विचारतो की मुंबई-पुण्याच्या व्यावसायिक नाटकांना निर्मितीसाठी अनुदान मिळते, मग रात्र रात्र जागून खेड्यापाड्यांत प्रयोग करणाऱ्या आमच्या कलावंतांनी कोणते पाप केले आहे. म्हणून गडचिरोलीला भव्य नाट्यगृह हवे, सरकारी महोत्सव हवा, पुरस्कार हवेत. मी याच भागात वाढलो आणि दोन्ही पक्षांत माझी जवळची माणसे आहेत. तरीही मला वाटते की हा वाद भलत्याच जागी अडकला आहे, कारण कलेला आधार म्हणजे प्रयोगाला किंवा इमारतीला पैसा, हे दोन्हीकडच्यांनी गृहीत धरले आहे. माझे म्हणणे असे की झाडीपट्टीला आधार हवा, तो सार्वजनिक पैशातूनच हवा, पण प्रयोगासाठी सरकारने एक रुपयाही देऊ नये. प्रयोगाची रात्र तिकीट सांभाळते आहे, आणि ते काम तिकिटाकडेच राहू द्यावे. त्या रात्रीच्या आधी आणि नंतर जे काही लागते, ते मात्र तिकिटाच्या आवाक्यातले नाही आणि ते सांभाळण्याची जबाबदारी सगळ्या समाजाची आहे.

ज्यांनी ही रंगभूमी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांतला जंगलाचा आणि धानाचा हा पट्टा. दिवाळीनंतर इथे गावोगाव मंडई म्हणजे जत्रा भरते आणि मंडईच्या रात्री नाटक असते. शंकरपट म्हणजे बैलांची शर्यत असली तर तिच्याही रात्री असते. गावातले एखादे मंडळ देसाईगंज म्हणजे वडशाच्या एखाद्या नाट्यकंपनीशी ठराव करते, ठरलेली रक्कम देते, स्वतः पेंडॉल उभारते, तिकिटे विकते, आणि नफा उरला तर तो देवळाच्या, शाळेच्या किंवा गावाच्या अन्य कामाला लावते. तोटा झाला तर मंडळातली माणसे तो आपसांत वाटून घेतात. नाटक रात्री दहाच्या सुमारास सुरू होते आणि पहाटेपर्यंत चालते. त्या दिवशी गावातल्या प्रत्येक घरी पाहुणे असतात, लेकी-जावई येतात, याच निमित्ताने सोयरिकी जुळतात. म्हणजे नाटक ही इथे शहरासारखी संध्याकाळची करमणूक नसून गावाच्या वर्षातली एक तिथी असते. धान घरात आलेले असते, हातात चार पैसे असतात आणि शेतात घाईचे काम नसते, म्हणून हा हंगाम तेव्हाच येतो. या रंगभूमीचे सारे अर्थकारण धानाच्या पिकाला असे बांधलेले आहे. पाऊस हुकला किंवा कापणीच्या वेळी अवकाळी आला, तर त्याचा फटका बांधीइतकाच, म्हणजे धानाच्या शेताइतकाच, पेंडॉललाही बसतो.

माझ्या लहानपणीचे पेंडॉल मला अजून स्पष्ट आठवते. कापणी झालेल्या बांधीत प्रेक्षकांसाठी उतरती जमीन खणायची आणि निघालेली माती पुढे टाकून रंगमंचाचा उंचवटा करायचा. आम्ही मुले तणसावर, घोंगडी गुंडाळून, अगदी पुढे बसायचो. तिथून रंगमंचाच्या कडेच्या खड्ड्यात बसलेला प्रॉम्प्टर दिसायचा. हातात वही, वहीवर बॅटरीचा लहानसा उजेड, आणि तो सगळ्या पात्रांची सगळी वाक्ये ओठांतल्या ओठांत म्हणत असायचा. पहाटे तीनच्या थंडीत खलनायक एका वाक्यावर अडखळला, तर आधी ते वाक्य आम्हाला खड्ड्यातून ऐकू यायचे आणि मग रंगमंचावरून. त्यात आम्हाला काही वावगे वाटत नसे. रोज नवे गाव, एका हंगामात अनेक नाटके, तालमीला वेळ नाही, अशा परिस्थितीत त्या माणसाच्या वहीवर सगळा डोलारा उभा होता, हे फार पुढे कळले.

आता अनुदानाला विरोध करणाऱ्यांचे म्हणणे पाहू. त्यात तथ्य पुष्कळ आहे आणि ते मी मनापासून मान्य करतो. प्रयोगागणिक पैसे मिळू लागले की प्रेक्षकांसाठी प्रयोग करण्याऐवजी कागदासाठी प्रयोग होतात. रिकाम्या खुर्च्यांपुढे पडदा वर जातो आणि फोटो काढून फाइलला लावले जातात. अनुदान ठरवणारी समिती नकळत विषयही ठरवू लागते, आणि समितीला रुचेल अशी संहिता लिहिण्याचा मोह लेखकाला होतो. पैसा जिल्ह्याच्या ठिकाणाहून येऊ लागला की कंपनीचे तोंड गावाकडून जिल्ह्याकडे वळते. झाडीपट्टीत आज नाटक आवडले नाही तर गाव पुढच्या वर्षी त्या कंपनीला बोलावत नाही. ही कठोर आणि स्वच्छ परीक्षा आहे, ती बिघडवण्याचा अधिकार कोणालाच नाही. एवढ्यासाठीच मी प्रयोगाच्या अनुदानाच्या विरोधात आहे.

पण यावरून 'जी कला तिकिटावर चालते तिला कोणाचीच गरज नाही' असा जो निष्कर्ष काढला जातो, तो मात्र खरा नाही. मराठी नाटकाचा इतिहासच त्याच्या विरुद्ध साक्ष देतो. १८४३ मध्ये सांगलीला विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' केले ते तिथले संस्थानिक चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धन यांच्या आश्रयाने. १८५१ मध्ये अप्पासाहेब वारले, आश्रय संपला, आणि भावे आपली मंडळी घेऊन गावोगाव फिरू लागले. १८५३ मध्ये त्यांनी मुंबईत तिकीट लावून खेळ केले. ही कथा आपण नेहमी तिकिटाचा विजय म्हणून सांगतो. पण मधली आठ वर्षे कोणी मोजतो का? सूत्रधार, विदूषक, राक्षसांच्या आरोळ्या, पदे, नटांचे शिक्षण, हे सगळे जमून यायला जो काळ लागला तो तिकिटाने दिलेला नव्हता. मुंबईच्या प्रेक्षकाने पैसे मोजले ते आधीच घडलेल्या वस्तूसाठी. ती वस्तू घडत असताना तिला विकायची घाई नव्हती, म्हणूनच ती पुढे विकली गेली.

दुसरी साक्ष याहून जवळची आहे. बालगंधर्वांइतके तिकीट कोणाच्या नावावर खपले असेल? १९१३ मध्ये निघालेल्या गंधर्व नाटक मंडळीला प्रेक्षकांची वाण कधी पडली नाही. तरी मंडळी कर्जात रुतली, आणि १९३२ मध्ये 'अयोध्येचा राजा' हा पहिला मराठी बोलपट आल्यानंतर दोन-तीन वर्षांतच स्वतः बालगंधर्व 'धर्मात्मा' चित्रपटात उभे असलेले महाराष्ट्राने पाहिले. उधळपट्टी झाली, हिशेब नीट नव्हता, हे सगळे खरे. तरीही एक प्रश्न उरतोच. नव्या माध्यमाचा लोंढा आला तेव्हा एकामागून एक नाटक कंपन्या बसल्या, त्या सगळ्याच काय उधळ्या होत्या? तिकिटावर चालणाऱ्या कलेजवळ शिल्लक नसते. चांगला हंगाम तिला जगवतो, पण वाईट हंगामासाठी काही मागे टाकू देत नाही. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली तेव्हा झाडीपट्टीने याचा अनुभव घेतला. आदल्या आठवड्यापर्यंत गर्दीपुढे राजा म्हणून उभा राहणारा माणूस पुढच्या हंगामात दुसऱ्याच्या बांधीवर मजुरीने धान कापत होता. धान कापणे कमीपणाचे नाही, इथे सगळेच कापतात. पण ज्या रंगभूमीच्या स्वावलंबनाचे आपण दाखले देतो, तिच्या नटाजवळ एका हंगामाचाही आधार नव्हता, ही गोष्ट त्या दाखल्यांत कुठेच येत नाही.

हा आधार नसणे म्हणजे काय, ते मी काही वर्षांपूर्वी वैनगंगेकाठच्या एका गावात पहाटे पाच वाजता पाहिले. नाटक संपले होते. पडद्यामागे बल्बच्या उजेडात एक नटी खोबरेल तेलाने चेहऱ्याचा रंग पुसत होती, तिच्या शेजारी तिची सात-आठ वर्षांची मुलगी नाटकातल्या शालीत गुंडाळून झोपली होती. कपडे बदलायला ताडपत्रीचा एक आडोसा, तोही सगळ्यांना मिळून. बाहेर गाडी सुरू होऊन उभी होती, कारण रात्री दुसऱ्या गावाला प्रयोग होता आणि ते गाव दूर होते. मी चालकाला विचारले, झोप झाली का? तो म्हणाला, "हंगामात झोप कुठली, दादा? होळीनंतर झोपू." त्याच कंपनीतला एक वादक आदल्या वर्षी गाडी उलटून पाय गमावता गमावता वाचला होता. त्याच्या उपचाराचे पैसे सहकाऱ्यांनी आपापल्या 'नाइट'मधून, म्हणजे एका रात्रीच्या मानधनातून, कापून उभे केले होते. कोणता विमा नाही, भविष्यनिर्वाह निधी नाही, कामगार म्हणून कुठे नोंद नाही. गावाने तिकिटाचे पैसे प्रामाणिकपणे दिले होते आणि कंपनीनेही त्याची नाइट थकवलेली नव्हती. तरीही त्या माणसाच्या मोडलेल्या पायाचा खर्च या व्यवहारात कुठेच बसत नव्हता. प्रेक्षकाने तीस रुपये जास्त दिले असते तरी बसला नसता, कारण तिकीट हे एका रात्रीचे मोल असते. माणसाच्या सगळ्या आयुष्याचे मोल त्यात मावत नाही.

इथे एक आक्षेप येतो आणि तो सर्वांत जड आहे. ज्या जिल्ह्यात बाळंतिणीला दवाखान्यात पोचवायला धड रस्ता नाही, तिथे नाटकांवर खर्च करायचा? हा प्रश्न विचारणाऱ्याला मी वरवरचे उत्तर देणार नाही. रस्ता आणि नाटक यांतून एकच निवडायची वेळ आली तर मी रस्ता निवडीन. पण ती वेळ खरोखर कधी येते का? अंदाजपत्रकात नाटकाचे पैसे कापले म्हणून त्या पैशाचा रस्ता झाला, असे गडचिरोलीत घडलेले मी तरी पाहिले नाही. आणि हाच प्रश्न राजधानीतल्या कलादालनांना, तिथल्या सभागृहांच्या नूतनीकरणाला कोणी विचारत नाही. दारिद्र्याचा दाखला नेमका दरिद्री भागाच्या कलेपुढेच का धरला जातो? शिवाय या नाटकाचा पैसा गावातच फिरतो. मंडप बांधणारा, ध्वनिक्षेपकवाला, चहा-भज्यांची दुकाने, गाडीवाले, वडशातले पडदे रंगवणारे, कपडेपट भाड्याने देणारे, असे कितीतरी संसार त्यावर चालतात. नाटकाला आलेला पाहुणा बाजार करून जातो. ज्या भागात दुसरे उद्योग हाताच्या बोटांवर मोजावे लागतात, तिथे हा एक उद्योग लोकांनी स्वतःच्या हिमतीने उभा केलेला आहे.

दुसरा आक्षेप दर्जाचा. झाडीपट्टीच्या नाटकात आता कथेपेक्षा नाचगाणी जास्त, विनोद द्वयर्थी, प्रसंग तेच ते, नावे भडक. मग अशा कलेला सार्वजनिक पैसा कशासाठी? यातले बरेचसे मला मान्य आहे आणि मान्य करताना वाईट वाटते. कौटुंबिक, सामाजिक, ऐतिहासिक अशा विषयांवर सकाळपर्यंत गाव खिळवून ठेवणारी नाटके मी पाहिली आहेत, आणि कथा थांबवून मध्ये कोंबलेली लावणी संपायची वाट पाहत चुळबुळणाऱ्या म्हाताऱ्याही पाहिल्या आहेत. पण हा आक्षेप घेणाऱ्यांनी कारण शोधावे. हंगामाआधीच्या थोड्या दिवसांत नवीन नाटक बसवायचे, लेखकाला एकरकमी थोडके मानधन, तालमीचा काळ बिनपगारी, आणि शेजारच्या गावात दुसऱ्या कंपनीचा प्रयोग त्याच रात्री. अशा वेळी कंपनीचा मालक जोखीम कशी घेईल? मागच्या वर्षी जे चालले तेच तो पुढे करणार. म्हणजे ज्या तिकिटाचे आपण गुणगान करतो, तेच एका मर्यादेनंतर कलेला पुन्हा पुन्हा त्याच वाटेने नेते. दर्जा सुधारायचा तर लेखकाला सहा महिने आणि नटाला सहा आठवडे हवेत. ते विकत घेण्याची ऐपत कंपनीत नाही, आणि ते कसे द्यायचे याचा विचार अनुदानाच्या भांडणात कोणी करत नाही.

आता दुसऱ्या पक्षाकडे वळतो. हे माझे अधिक जवळचे लोक आहेत, म्हणून त्यांच्याशी अधिक स्पष्ट बोलतो. त्यांना इमारत हवी आहे आणि ते कोल्हापूरचे उदाहरण देतात. राजर्षी शाहू महाराजांनी १९१५ मध्ये पॅलेस थिएटर उभे केले, तेच पुढे केशवराव भोसले नाट्यगृह झाले, आणि कोल्हापूर कलापूर झाले, असा तो युक्तिवाद. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या पूर्वसंध्येला, ते नाट्यगृह जळाले तेव्हा कोल्हापूरची माणसे रस्त्यात उभी राहून रडली, हे मीही विसरलेलो नाही. वास्तू माणसांना किती जिव्हाळ्याची होऊ शकते याचा तो पुरावा आहे. पण शाहू महाराजांनी निव्वळ वास्तू बांधली का? उस्ताद अल्लादिया खाँसाहेबांना त्यांनी दरबारी गायक म्हणून आश्रय दिला, त्यामुळे एक घराणे त्या मातीत रुजले. नाट्यगृहालगतच खासबागेचे कुस्तीचे मैदान झाले, कारण त्यांच्या लेखी तालीम आणि नाटक हे एकाच लोकांचे होते. केशवरावांसारख्या नटाला त्यांनी हाताशी धरले. बाबूराव पेंटरांसारखे कारागीर-कलावंत ज्या शहरात पडदे रंगवता रंगवता कॅमेरा बनवू शकले, त्या शहरात शिकायला, चुकायला आणि पोट भरायला जागा होती. वास्तू हा या सगळ्याचा एक भाग होता. तो एकच भाग उचलून गडचिरोलीत आणला तर काय होईल? झाडीपट्टीचे नाटक बांधीत, गावात, मंडईत होते. मंडईचे गाव सोडून प्रेक्षक साठ-सत्तर किलोमीटरवरच्या वातानुकूलित सभागृहात का येईल, आणि आला तरी रात्रभर पाहुण्यांसोबत बसण्याचा तो सोहळा तिथे कसा होईल? सभागृह जिल्ह्याला हवे असेल तर जरूर बांधा, त्याचे इतर उपयोग आहेत. पण ते झाडीपट्टीच्या नावावर मांडू नका.

सरकारने एखादी चालती गोष्ट ताब्यात घेतली की काय होते, याचे उदाहरण आमच्याच भागात आहे आणि ते मला कोल्हापूरपेक्षा जास्त बोलके वाटते. गोंड राजवटीत आणि नंतर मालगुजारांच्या, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांच्या, काळात कोहळी समाजाने या पट्ट्यात हजारो तलाव बांधले. पाळ म्हणजे तलावाचा बांध दुरुस्त करणे, गाळ काढणे, कोणाच्या बांधीला केव्हा पाणी सोडायचे ते ठरवणे, ही कामे गावच करत असे. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली. जायलाच हवी होती, त्या व्यवस्थेत जुलूमही होताच. पण तलाव सरकारी झाले आणि पाळीवर फावडे घेऊन जाणारा गावकरी घरी बसला, कारण आता ते काम कोणा खात्याचे होते. खात्याकडे ना तेवढी माणसे होती ना तेवढा जिव्हाळा. तलाव गाळाने भरत गेले. यातून दोन्ही पक्षांना सांगण्यासारखे काही आहे. आधार मागणाऱ्यांना एवढेच की नाटकाची मालकी चुकूनही खात्याकडे जाऊ देऊ नका. आणि आधार नको म्हणणाऱ्यांना असे विचारावेसे वाटते की तलाव पूर्वी सरकारविना नीट चालत होते, म्हणून आज साचलेला गाळ गाव एकट्याने उपसू शकेल काय? आज जिथे जिथे गाळ निघतो आहे तिथे यंत्राचा नि डिझेलचा पैसा बाहेरून येतो आणि पाण्याचा निर्णय गाव करते. नाटकालाही असाच आधार हवा.

या आधाराचा पहिला भाग तर एक पैसाही न लागणारा आहे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत खुल्या जागेत ध्वनिक्षेपक लावता येत नाही. सण-उत्सवांसाठी राज्य सरकार वर्षातून फार तर १५ दिवस रात्री १२ पर्यंत सवलत देऊ शकते. नियम योग्य आहे. शहरात रुग्णालयाशेजारी रात्रभर ढणाढणा वाजवणाऱ्यांना तो लागलाच पाहिजे, आणि त्यात पळवाटा काढायला मी सांगत नाही. पण ज्या रंगभूमीचा पडदाच रात्री दहाला उघडतो, तिच्यासाठी या नियमाचा अर्थ काय होतो? कायद्याच्या अक्षराप्रमाणे पाहिले तर तिचा प्रत्येक प्रयोग कोणाच्या तरी कानाडोळ्यावर चालतो. कानाडोळा ही हक्काची गोष्ट नसते, आज आहे आणि उद्या नाही. गावच्या मंडळाला दर वर्षी विनंतीचे कागद घेऊन फिरावे लागते, आणि ज्याच्या हाती नकार असतो त्याच्यापुढे माणूस वाकतोच. प्रत्येक गावासाठी वर्षातून ठरावीक रात्री, आवाजाची मर्यादा घालून, ग्रामसभेच्या ठरावाने खुल्या कराव्यात, अशी दुरुस्ती केंद्राच्या नियमांत व्हावी म्हणून राज्याने आग्रह का धरू नये? ज्या गावात एका म्हाताऱ्याला श्वासाचा त्रास आहे हे सगळ्यांना ठाऊक असते, त्या गावाला भोंग्याचे तोंड कुठे वळवायचे तेही कळते.

ग्रामसभेचे नाव मी सहज घेतलेले नाही. गडचिरोली जिल्ह्याच्या मोठ्या भागाला १९९६ चा पेसा, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा, कायदा लागू आहे आणि त्यात लोकांच्या परंपरा आणि सांस्कृतिक ओळख जपण्यास ग्रामसभा सक्षम आहे, असे स्पष्ट म्हटले आहे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने 'आमच्या गावात आम्हीच सरकार' हे नुसते घोषणेत ठेवले नाही. २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला आणि २०११ पासून स्वतःच्या जंगलातला बांबू स्वतः विकून त्याचा हिशेब ठेवला. बांबूचा हिशेब ठेवू शकणारी ग्रामसभा पेंडॉलचा हिशेब ठेवू शकणार नाही काय? जिथे पेसा लागू नाही तिथेही ग्रामसभा आहेच. म्हणून सार्वजनिक पैसा द्यायचा तो गावाला कायमस्वरूपी उपयोगी पडेल अशा गोष्टींसाठी आणि गावाच्या ठरावाने द्यावा. नाटकाची सपाट जागा राखून ठेवणे, तिथे विजेची सुरक्षित जोडणी, कलावंतांसाठी दोन पक्क्या खोल्या आणि स्त्रियांसाठी वेगळे स्वच्छतागृह. वर्षातले उरलेले दिवस त्याच खोल्यांत बचत गटाच्या बैठका होतील, मुले अभ्यास करतील. त्या ताडपत्रीच्या आडोशाची जागा घ्यायला एवढे पुरेसे आहे.

दुसरा भाग माणसांचा. राज्यात ज्येष्ठ साहित्यिक आणि कलाकारांसाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने मानधन योजना आहे आणि तिची रक्कम आता महिन्याला ५,००० रुपये झाली आहे. ही चांगली गोष्ट आहे आणि ज्यांना ते मानधन मिळते त्यांच्या घरात त्याची किंमत फार मोठी असते. पण ते म्हातारपणी मिळते, निवडलेल्यांना मिळते आणि निवड करताना कलावंत असल्याचा पुरावा लागतो. आयुष्यभर खड्ड्यात बसून वाक्ये पुरवणाऱ्या प्रॉम्प्टरने कोणता पुरावा आणावा? त्याचा ना कधी फोटो छापला गेला, ना फलकावर नाव आले. २०२३ मध्ये इथले नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा सारी झाडीपट्टी हरखली, मीही हरखलो. पण एका माणसाच्या सन्मानाने त्याच्यामागच्या शेकडोंची नोंद होत नाही. हंगामात काम करणाऱ्या प्रत्येकाची, नटापासून चालकापर्यंत, हंगामी कामगार म्हणून नोंद करावी. दर प्रयोगामागे कंपनीने ठरावीक रक्कम भरावी, तेवढीच सरकारने घालावी, आणि त्यातून अपघात विमा व निवृत्तिवेतन चालावे. राज्यात माथाडी कामगारांसाठी १९६९ पासून अशा धर्तीची मंडळे आहेत. अनेक मालकांकडे, अनियमित काम करणाऱ्यांसाठीच ती रचना झाली होती. नाटकाचा कामगार याहून वेगळा कुठे आहे? प्रयोगांची संख्या हाच इथे पुरावा राहील आणि तो गावाच्या मंडळाकडे लिहिलेला असतो, त्यामुळे कोणाच्या शिफारशीची गरज पडणार नाही.

तिसरा भाग पावसाळ्याचा आहे, आणि मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. धानाची रोवणी आटोपल्यावर आणि हंगाम लागण्याआधी जो काळ मिळतो त्यात लेखकांना आणि तरुण नटांना मानधन देऊन बसवावे. त्यांना शिकवायला बाहेरून मोठी नावे आणण्याची घाई करू नये. दंडार आणि खडी गंमत हे इथले जुने लोकनाट्यप्रकार जाणणारे जे थोडे लोक उरले आहेत त्यांना आधी बोलवावे, त्यांच्या जवळच्या चाली आणि हजरजबाबी संवाद ध्वनिमुद्रित करावेत, कारण झाडीबोलीचा तो ठेवा वह्यांत फारसा उतरलेला नाही. अशा लहान खर्चाचे मोल काय असते, ते महाराष्ट्राने एकदा अनुभवले आहे. १९५४ मध्ये सुरू झालेल्या राज्य नाट्य स्पर्धेने भव्य असे काही बांधले नाही. गावोगावच्या हौशी मंडळींना एक तारीख दिली, एक रंगमंच दिला आणि थोडा खर्च दिला. त्या तारखेच्या धाकाने किती लेखकांनी नाटके पुरी केली आणि किती नट उभे राहिले! कोणते नाटक करायचे हे तिथे सरकारने ठरवले नव्हते.

शेवटची शंका माझ्याच एका मित्राची आहे, जो स्वतः मंडळात आहे. तो म्हणाला, "हे सगळे चांगले, पण यातले काही मिळायचे म्हटले तरी आधी कागद, मग समिती, मग पुढाऱ्याचा फोन. त्यापेक्षा आम्ही आहोत तसे बरे." त्याची भीती खोटी नाही. पण आज समिती आणि फोन नाहीत असे थोडेच आहे? परवानगीच्या कागदावर ते आहेतच, म्हाताऱ्या नटाच्या मानधनाच्या अर्जावरही आहेत. दूर राहून ते टळलेले नाहीत. उलट आपण काही मागितलेच नाही, म्हणून जे मिळते ते उपकाराच्या स्वरूपात मिळते. मी त्याला त्याच्या मंडळाची मागच्या दहा वर्षांची वही काढायला सांगितली आहे. कोणत्या वर्षी कोणती कंपनी, कोणते नाटक, किती तिकिटे, किती नफा, कुठे खर्च. तो म्हणतो, वही आहे, पण पावसात थोडी भिजली आहे. येत्या भाऊबीजेला मी गावी जाणार आहे, तेव्हा आम्ही दोघे बसून ती नव्याने उतरवून काढू, आणि मंडईच्या आधी जी ग्रामसभा होईल तिच्यापुढे ठेवू.